मराठी मेनू करणारा माणूस

लोहा गावाच्या पुढे बस खड्ड्यांतून आदळत होती, तरी शेजारचा माणूस मांडीवरच्या लॅपटॉपवर एका बोटाने टाइप करत होता. प्रत्येक शब्द आधी पुटपुटायचा, मग लिहायचा. एका फुकट मिळणाऱ्या ऑफिस सॉफ्टवेअरचे मेनू तो बारा वर्षं, पदरमोड करून, मराठीत करत होता.

“बनवणाऱ्यांत भांडणं लागली, ताई. दोन तट पडले अन् नव्या आवृत्तीतून मराठीच काढली.”

“मग सोडा की!”

“मराठी वापरणारे दाखवा, परत घेतो म्हणलेत. तुमच्या हापिसात वापरतंय का कोणी?”

आमच्याकडे तेच सॉफ्टवेअर आहे, पण सगळे मेनू इंग्रजीच लावतात, मीसुद्धा. खोटं कशाला बोलायचं? तसं सांगितलं.

त्याने पुढचा शब्द पुटपुटून टाइप केला. मग म्हणाला, “हाव. माझ्या घरीबी इंग्रजीच लावतेत.”