आत्याचा डबा झोपेना

आमची आत्या यंत्रं झोपवते. पोटापाण्याची नोकरी वेगळी, हा नसता उद्योग. कॉम्प्युटरच्या पोटात कर्नल नावाचा मुख्य प्रोग्रॅम असतो. आत्याचा कर्नल जगभरातली माणसं मिळून लिहितात. कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. त्यातला एका जुन्या साउंडबॉक्सचा ड्रायव्हर, म्हणजे त्या डब्याला हुकूम सोडणारा भाग, आत्याच्या पदरात पडलाय. गाणं संपलं की डब्याला झोपवायचं, लागलं की उठवायचं. वीज वाचते.

"लोक पोरं झोपवतात," बाबा म्हणतात, "आमची ताई डबे झोपवते."

पण लोकांकडून तक्रारी येत होत्या, की डबा कधीकधी झोपतच नाही. त्यामुळे आत्याच्या सासूबाई खवळल्या होत्या. आत्याचं लग्न झालेलं नाही. सासूबाई म्हणजे कर्नलच्या आवाज विभागाचा राखणदार, हा एवढा दाढीवाला बाप्या. आत्याची प्रत्येक दुरुस्ती तो तपासतो, आणि त्याची ईमेल आत्या नाकात वाचते: "पाहिली. का केली ते कळलं नाही. पुन्हा करा." या वेळची ईमेल मात्र तिनं साध्या आवाजात वाचली. "हा डबा आता वापरतं कोण? उद्यापर्यंत दोष सापडला नाही, तर ड्रायव्हर कर्नलमधून काढतो."

लेकीचं नाव शाळेतून कमी केल्यासारखा चेहरा झाला तिचा. कॉलेजपासून सांभाळलाय तिनं तो ड्रायव्हर.

सकाळपासून जेवणाचं टेबल अडवून ती बसली. गाणं बंद, डब्याचा हिरवा दिवा विझला. गाणं चालू, दिवा लागला. "माझ्यासमोर शहाणा बाळ," आत्या डब्याला म्हणाली, "आणि लोकांच्या घरी धिंगाणा!" वैतागून ती आंघोळीला गेली. येऊन बघते तर गाणं नाही, काही नाही, आणि दिवा लख्ख चालू.

"कुणी हात लावला?"

"मी तर धूळसुद्धा पुसली नाही," आई म्हणाली.

"मी? छे! मी कशाला लावतोय!" बाबा म्हणाले. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आत्यानं कमरेवर हात ठेवले. "बरं, लावला. एक गाणं ऐकणार होतो. तुझा डबा ढिम्म. वायर सैल होती. दिला नाद सोडून. मग बसवली घट्ट."

आईनं हळूच काचेचा जग आत्याच्या हाताजवळून उचलून ओट्यावर ठेवला.

"म्हणजे तू उठवलंस," आत्या म्हणाली, "आणि तो उठलाच नाही?"

"नाही."

"आणि तू निघून गेलास?"

"मग काय त्याच्या तोंडावर पाणी मारू?"

"अरे गाढवा! सोन्या! राजा!" आत्यानं बाबांचे गाल ओढले. "डब्याकडे जाणाऱ्या प्रोग्रॅमनं आधी पाटी लावायची, 'मला हवायस, झोपू नकोस.' काम झालं की पाटी काढायची. सगळ्या पाट्या निघाल्या की तो झोपतो. आता पाटी लागली, पण डबा उठलाच नाही. तर?"

"तर पाटी काढायची आणि जायचं," आई म्हणाली.

"मी ड्रायव्हरमध्ये लिहिलंय, नुसतं जायचं!"

"अगं बाई! म्हणजे बाथरूमवर 'आत माणूस आहे' लावायचं, दार उघडेना म्हणून ऑफिसला जायचं, आणि बाकीच्यांनी दिवसभर बाहेर पाय आवळून नाचायचं!"

"वहिनी, हेच! अगदी हेच!"

आत्यानं एक ओळ वाढवली: उठला नाही तरी पाटी काढ. मग बाबांची वायर सैल करण्याच्या कामावर नेमणूक झाली.

"ढिली कर! गाणं लाव!"

"लागत नाही."

"छान! आता घट्ट कर!"

दिवा विझला. पुन्हा केलं, पुन्हा विझला. "ऑफिसात काय सांगू?" बाबांनी टेबलाखालून विचारलं.

"सांग, डबा झोपवतोय."

दोष ज्याला दिसला त्याचं नाव दुरुस्तीत लिहायची त्यांच्यात रीत आहे. आत्यानं बाबांचं लिहिलं. बाबा दाढी करून आले, जणू फोटोही छापणार होते. "पाय आवळून नाचले मी, नाव ह्यांचं," आई म्हणाली. 'का केली' या प्रश्नाला उत्तर म्हणून आत्यानं आईचं बाथरूम जसंच्या तसं घातलं आणि पाठवून दिलं.

सासूबाईंचं उत्तर आलं तेव्हा आम्ही सगळे तिच्या खुर्चीमागे चिकटलो होतो. "या वेळी का केली ते कळलं. दुरुस्ती घेतली. ड्रायव्हर राहील. एका ओळीच्या शेवटी रिकामी जागा सुटली होती, ती मी पुसली."

"ओरडला का गं?" बाबांनी विचारलं.

"नाही रे!" आत्या डोळे पुसत म्हणाली. "परत नाही पाठवली! स्वतः पुसली त्यानं, स्वतःच्या हातानं!"