आवश्यक अट, पुरेशी अट

वडील युनियनचे, त्यामुळे आमच्या घरात पाठ्यपुस्तकांआधी पत्रकं आली. माझ्या पहिलीच्या पुस्तकाचं कव्हरसुद्धा संपाच्या पत्रकाचं होतं. छापील वाक्याला जाब विचारायचा असतो, हे मी अक्षरांबरोबरच शिकले.

दादा गिरणीत बदली कामगार. रोज भोंग्याआधी गेटवर उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी आला नाही, तर मुकादमी करणारा जॉबर पुकारेल तो बदली त्याच्या मागावर जाणार. गेटवर पाटी होती : 'हजेरी भरल्याशिवाय कोणाही बदलीस कायम केले जाणार नाही.' दादाने ठरलेल्या दिवसांची हजेरी भरली. अंगात ताप असताना, गड्ड्याची जत्रा सोडून भरली. कायम झाला जॉबरचा मेहुणा. हजेरी त्याचीही भरली होती, पण दादाच्या कितीतरी मागून.

"पाटी नीट वाच की," जॉबर म्हणाला. "भरल्याशिवाय न्हाई, असं लिवलंय. भरली की करतोच, असं कुटं लिवलंय?"

दादाने घरी येऊन मला विचारलं, "तू गणित शिकतीस न्हवं? ह्ये बरुबर हाय का?"

चीड याचीच आली, की बरोबर होतं. चौकोन चौरस असायचा तर चारही बाजू सारख्या हव्यात. ही आवश्यक अट. पण तेवढ्याने भागत नाही. सारख्या बाजूंचा चौकोन कललेलाही असतो. त्यात एक कोन काटकोन असला, की अट पुरेशी होते. मग त्याला चौरस म्हणायला कुणाची मर्जी लागत नाही.

पाटीवर फक्त आवश्यक अट होती. पुरेशी अट जॉबरने स्वतःच्या मर्जीवर ठेवली होती.

मी पत्रक लिहिलं : 'हजेरी आवश्यक. मान्य. पुरेशी अट कोणती? तीही पाटीवर लिहा.'

वडिलांनी वाचलं. "घोषणा कुटं हाय?"

"न्हाई. प्रश्न हाय."

सकाळी दादाने गेटवर पत्रकं वाटली.

"काय रं, भणीनं लिवून दिलं व्हय?" जॉबरने विचारलं.

"व्हय. मला मेव्हणा न्हाई."

बदल्यांमध्ये खसखस पिकली. दुसऱ्या दिवशी जॉबरने दादाला वगळून नावं पुकारली. पुकारलेला एकही बदली जागचा हलला नाही. दुपारी जॉबरने पाटी उतरवून आत नेली.

दादा अजून कायम झालेला नाही. रोज गेटवर जातो. पाटी परत लागेल तेव्हा तिच्यावर दोन ओळी असाव्या लागतील. एका ओळीची पाटी आता कुणी मानणार नाही.