शिव्यांतून शिकलेला पट्टा

आमचा नाथाजी दांडपट्टा शिकायला नको म्हणून पलटणीत पळून गेला होता. हे आज गावात कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, कारण पुढं त्याचा पट्टा बघायला रहिमतपूर-कोरेगावाकडून माणसं यायची. पण मी त्याचा चुलतभाऊ. एका ताटात जेवलोय, एका औताच्या मागं चाललोय. पळून जाताना त्यानं माझंच धुतलेलं धोतर नेलं, ते काही परत आलं नाही.

पट्ट्याचा मान आमच्या घराचा. चैत्रात भैरोबाची पालखी निघाली की वेशीपासून देवळापर्यंत तिच्यापुढं पट्टा खेळत जायचं आणि शेवटी देवळापुढं घरच्याच माणसाच्या तळहातावर लिंबू ठेवून ते पट्ट्यानं कापायचं. लिंबाच्या दोन फाकी व्हाव्यात आणि तळहाताला ओरखडाही येऊ नये. देवापुढं रक्त आलं तर मान दुसऱ्या घराकडं जायचा. हा नियम कुणी घातला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळं तो मोडायची कुणाची छातीही नव्हती.

मान चालवायचे नाथाजीचे वडील, सयाजीआबा. लिंबू धरायची त्याची आई, अंबूकाकी. आबांचा हात चुकला असं गावानं कधी पाहिलं नाही. माणूस मात्र भलता तापट. नाथाजीला मळ्यातल्या खळ्यावर उभा करून शिकवायचे, आणि त्यांचं शिकवणं म्हणजे नुसत्या शिव्या. बरोबर कसं करायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. चुकलं की तोंड सुटायचं, बरोबर आलं की गप्प. पोरगं रडकुंडीला यायचं.

पट्टा काही तलवारीसारखा मनगटावर फिरत नाही. कोपरापर्यंत लोखंडी खोबळा चढवायचा, आतली आडवी मूठ धरायची, की हात आणि पातं एक झालं. मग वळायचं ते खांद्यानं. मनगट मधे लुडबुडलं की लवलवतं पातं उलटून आपल्याच अंगावर येतं. नाथाजीचं मनगट काही केल्या गप्प बसायचं नाही. एक दिवस आबांचा तोल गेला. सगळ्या भाऊबंदांसमोर ते म्हणाले, "तुजं मनगट तोडून ठिवल्याबिगर तुला पट्टा यायचा न्हाई."

नाथाजी तेव्हा मिसरूड फुटलेला गडी. चार माणसांत झालेला तो अपमान त्याला गिळता आला नाही. लढाई नुकतीच सुरू झाली होती, साताऱ्यात भरती चालू होती. तो गेला. मागं आबा गेले तेव्हा तो समुद्रापलीकडं कुठंतरी होता. पालखी अडू नये म्हणून तालमीचे आकाराम वस्ताद आमच्या वतीनं पट्टा खेळू लागले. वस्ताद सरळ माणूस. मानाचा नारळ दरसाल आमच्या उंबऱ्यावर आणून द्यायचे आणि पाणीसुद्धा न पिता परत जायचे.

पंचेचाळीस साली नाथाजी इटलीतून परत आला. उजवा हात मनगटाच्या वर तुटलेला. सुरुंगानं नेला, एवढंच सांगायचा. थोटा हात कायम उपरण्याखाली. गाव वाईट वागलं नाही, उलट फार चांगलं वागलं, आणि त्याचाच त्याला वीट आला. त्यानं घागर उचलली की कुणीतरी ती काढून घ्यायचं. वैरण टाकायला गेला की मीच म्हणायचो, असू दे. लग्नाचा विषय निघाला की तो उठून जायचा. पारावर त्याला मानानं मधे बसवायचे आणि तो मधे बसून झिजत चालला होता.

त्या वर्षी खंडेनवमीला काकीनं पूजेसाठी आबांचा पट्टा खुंटीवरून काढला, राखेनं घासला, तेलाचा हात फिरवला. नाथाजी बघत होता. एकाएकी त्यानं उपरणं बाजूला केलं आणि थोटा हात खोबळ्यात घातला. बाहेरून बघितलं तर हात पुरा दिसत होता. नाथाजी आधी हसला. माझ्याकडं बघून म्हणाला, "आबा म्हनलं हुतं तसं झालं बग. मनगट गेलं." आणि मग असा रडला की मला उठून गोठ्यात जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तो वस्तादांकडं गेला, मी बरोबर होतो. शिकवा म्हणाला. वस्तादांनी त्याला बसवून घेतलं, गूळ-पाणी दिलं आणि सांगितलं की पट्टा मुठीत राहतो. मूठच नाही तर तो गर्दीत सुटेल, एखाद्याचा जीव घेईल, आणि ते पाप ते अंगावर घेणार नाहीत. पंचांत जे बोलणं झालं होतं, तेही त्यांनी लपवलं नाही. या चैत्रात आमच्या घरचं कुणी उभं राहिलं नाही तर मान कायमचा त्यांच्या घरी जाणार होता. मी तर म्हटलं, जाऊ दे, नारळाचं खोबरं विकत मिळतं. नाथाजी मला मागं टाकून पुढं निघून गेला.

मग त्यानं एकट्यानं सुरुवात केली. दुपारी माणसं जेवून आडवी झाली की तो खळ्यावर जायचा. खोबळ्यात चिंध्या कोंबून, आडव्या मुठीला थोटा हात पलटणीत पोटरीला गुंडाळायच्या पायपट्टीनं बांधायचा. गाठ दातांनी मारायचा, मला हात लावू द्यायचा नाही. सुरुवातीला पट्टी सैल पडली आणि पट्टा सुटून कडब्याच्या गंजीत घुसला. वस्ताद म्हणाले ते खोटं नव्हतं. मग त्यानं पट्टी भिजवून बांधायला सुरुवात केली, ती वाळता वाळता आवळून बसायची. पोटरीवर पातं बसलं, पाठीवर बसलं. पायही पलटणीचे, कवायतीसारखे पडायचे. हा पालखीपुढं खेळणार की सायबाला सलामी देणार, असं मी विचारलं, तेव्हा त्यानं मला ढेकूळ फेकून मारलं. डाव्या हातानं, पण नेम बरोबर होता.

शिकवणारं कुणी नव्हतं, होत्या फक्त आबांच्या शिव्या. त्या त्याला सगळ्या पाठ होत्या. शिवी आठवली की ती कुठल्या चुकीवर बसली होती ते आठवायचं, आणि चूक सापडली की बरोबर काय ते आपोआप कळायचं. म्हाताऱ्यानं चुकूनही शाबासकी दिली असती तर त्यातून एवढं शिकता आलं नसतं, असं नाथाजी म्हणायचा. लहानपणी ज्या तोंडाला भिऊन तो पळाला, तेच तोंड आता खळ्यावर आठवून आठवून बोलावत होता. मला ते बघून कसंतरी व्हायचं. बाप जिवंत असताना ही दोघं एवढी बोलली असती तर काय बिघडलं असतं?

कधी अडलं तर संध्याकाळी चुलीपाशी येऊन विचारायचा, "आये, मागं वळताना आबा काय म्हनायचं गं?" आणि अंबूकाकी, जिच्या तोंडून आयुष्यात कधी वाकडा शब्दसुद्धा निघाला नाही, ती भाकरी थापता थापता नवऱ्याची शिवी अगदी शांतपणे, जशीच्या तशी सांगायची.

लिंबाचं त्यानं असं केलं. ओल्या मातीचा गोळा दगडावर ठेवायचा, त्यावर लिंबू. लिंबू कापल्यावर मातीवर रेघ उठली की समजायचं, तळहात गेला. थंडीभर माती नुसती चिरत होती. शिमग्यापर्यंत रेघ बरीच कमी झाली, पण साफ गेली नाही. चांगलं चाललेलं असताना मधेच एखादी उठायचीच. मी म्हटलं, धरतो मी लिंबू, मी घरचाच आहे. तो म्हणाला, "मातीला दुखत न्हाई गड्या, म्हनून हात चालतोय. मानसाम्होरं चालंल का, त्ये मला ठावं न्हाई."

चैत्रात पालखी निघाली. नाथाजी उपरणं न घेता वेशीत आला. सगळ्यांसमोर त्यानं पट्टी भिजवली, हात बांधला, गाठ दातांनी ओढली. कुजबुज झाली. आकाराम वस्ताद पालखीच्या बाजूनं चालत होते, पट्टा सुटलाच तर पोरांना मागं ओढायला. हलगी वाजू लागली आणि नाथाजी खेळला. आबांसारखा नाही. आबांचा पट्टा पाण्यासारखा वाहायचा, याचा तुटक होता, एक एक हात मोजून टाकल्यासारखा. पण चुकला नाही, सुटला नाही. देवळापर्यंत आलो तेव्हा वस्तादांचं लक्ष पट्ट्यावरून निघून त्याच्या पायांवर गेलं होतं. जाणकार माणूस खूश झाला की तिकडंच बघतो.

देवळापुढं लिंबाचं ताट माझ्याकडं होतं. मी ताट खाली ठेवून हात पुढं केला, तर तो लटपटायला लागला. मनात भीती नव्हती, खरंच नव्हती, पण हाताला कोण सांगणार? हलणाऱ्या हातावर लिंबू कापता येत नाही. तेवढ्यात बायकांतून अंबूकाकी पुढं आली, ताटातलं लिंबू उचललं आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

नाथाजी एक पाऊल मागं सरला आणि हळू आवाजात म्हणाला, "आये, तू नगं. रेघ उठती अजून."

हलगी जोरात चालली होती. मी हाताच्या अंतरावर होतो म्हणून मला ऐकू आलं. काकीनं लिंबू डाव्या हातात घेतलं आणि उजवा तळहात त्याच्यासमोर उघडला. अंगठ्याच्या बुडापासून करंगळीपर्यंत जुना पांढरा वण होता. आम्हा सगळ्यांना तो ठाऊक होता. लहानपणापासून ऐकत आलो होतो, गवत कापताना विळा लागला.

"ह्यो इळ्याचा न्हवं," काकी म्हणाली. "तुज्या आबांचा हाय. हितंच, ह्याच जागंवर. कुनाला कळलं न्हाई. तू मार."

नाथाजी तिच्या हाताकडं बघत राहिला. कधीही न चुकलेला बाप त्याच्या मानेवर किती वर्षं बसला होता, ते मला त्या वेळी कळलं. त्याचे खांदे खाली आले. काकीनं लिंबू वणावर ठेवलं, हात पुढं केला आणि डोळे उघडे ठेवले. पट्टा वर गेला, आला, आणि लिंबाच्या दोन फाकी झाल्या.

लोकांनी भैरोबाच्या नावाचा गजर केला. धरणाऱ्यानं त्या फाकी मुठीत घेऊन देवाला वाहायच्या असतात. काकीनं मूठ मिटली आणि सावकाश पायऱ्या चढून गाभाऱ्याकडं गेली, फाकी वाहिल्या, पदर सावरत बाहेर आली. चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. वस्तादांनी मानाचा नारळ नाथाजीच्या डाव्या हातात दिला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मान घरात राहिला होता. मी एवढा ओरडलो की दोन दिवस घसा बसला.

घरी आलो तर काकी चुलीपाशी आमच्याकडं पाठ करून बसलेली. नाथाजी तिच्यापुढं जाऊन उकिडवा बसला. ती तळहातावर हळद दाबत होती. जुन्या वणाला छेदून नवी रेघ गेली होती, आणि त्या ताज्या जखमेत लिंबाचा रस धरून ती देवळाच्या पायऱ्या चढली होती.

थोटा हात तिच्या मांडीवर ठेवून नाथाजी लहान पोरासारखा रडू लागला. पलटणीतून आल्यापासून तो हात त्यानं कुणाला शिवू दिला नव्हता. काकीनं तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

"इळा लागला म्हनायचं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "कोपर सुटतंय तुजं. त्यांचंबी त्येच हुतं."