तळाला जाऊन आलेला दोर

सिंगापूरमधली सगळ्यात उंच टेकडी बुकित तिमाची. ती उचलून नॉर्वेतल्या एका तळ्यात ठेवली तर बुडेल. तिच्यावर तेवढीच दुसरी ठेवली तरी बुडेल, आणि वर तिसरी रचली तरी तिचा माथा पाण्याबाहेर येणार नाही. हे मी सांगतो तेव्हा लोकांना वाटतं, धंदेवाला माणूस, फेकतोय. फेकत नाही. त्या तळ्याच्या तळापर्यंत मी विणलेला दोर जाऊन आला आहे.

माझा कारखाना बुकित बातोकला आहे. कारखाना म्हणजे एक लांब शेड, दोर विणायची दोन यंत्रं, चार माणसं आणि मी. त्याआधी बारा वर्षं मी जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका कंपनीत होतो. गोदामात लागलो आणि दोराबद्दल जे काही कळायचं ते तिथंच शिकलो. मॅनेजरची जागा रिकामी झाली तेव्हा ती मलाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. ती पुण्याहून आलेल्या एका डिग्रीवाल्या गृहस्थांना दिली. चांगला दोर हातात घेऊन कसा ओळखायचा ते त्यांना मीच शिकवलं आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली. ही गोष्ट मी विसरलेलो नाही, विसरायचा विचारही नाही.

मागच्या वर्षी एक नॉर्वेजियन बाई शेडवर आल्या. तांजोंग पगारमधल्या एका ऑफिसात इंजिनिअर, पन्नाशीच्या, बोलायला मोजक्या. त्यांना आपल्या गावच्या तळ्यात कॅमेरा सोडायचा होता. साडेपाचशे मीटर दोराचा भाव काय, म्हणाल्या.

"तळ्यासाठी? साडेपाचशे?"

"तळ्यासाठी."

इथल्या समुद्रात मोठी जहाजं तळाला घासतील की काय अशा बेतानं नेतात. मला वाटलं, बाई घासाघीस करायला आकडा फुगवतायत. मी भाव सांगितला. त्यांनी निम्मा सांगितला. मी म्हणालो, या भावात दोर नाही, फार तर चहा पाजतो. त्या म्हणाल्या, चालेल. मग खालच्या कॉफीशॉपमधून चहा आणवावा लागला.

चहा पिता पिता त्यांनी तळं सांगितलं. हिमयुगात एका हिमनदीनं डोंगर चिरत नेला, इतका खोल की चिरेचा तळ समुद्राच्या पातळीच्याही खाली गेला. बर्फ वितळलं तेव्हा तिथं समुद्र आत शिरला. पण बर्फाचं ओझं उतरल्यावर जमीन हळूहळू वर आली, तोंडाशी उंबरठा झाला आणि समुद्र बाहेरच राहिला. आतलं खारं पाणी गेलं, ओढ्यांचं गोडं भरलं. आज पाणी समुद्रापेक्षा पन्नासेक मीटर वर आहे आणि तळ समुद्राच्या साडेचारशे मीटर खाली. आता कुठल्याही हिमनदीचा गाळ त्यात येत नाही, म्हणून वल्हं पाण्यात पार टोकापर्यंत दिसतं. रस्ते नव्हते तेव्हा तळं हाच रस्ता. नवरी, पाद्री, गुरं, मेलेलं माणूस, सगळं होडीतून.

"आमच्या आजीला मिठासाठीसुद्धा वल्हवत जावं लागे," त्या म्हणाल्या. "सगळं गाव त्याचं पाणी पितं. तळ मात्र कुणी पाहिलेला नाही."

"मग खोली कशी कळली?"

"पाचशे चौदा मीटर, हा नकाशातला आकडा. टेलिफोनची केबल टाकणाऱ्यांनी सहाशे बारा मोजली असंही म्हणतात."

मी कप खाली ठेवला. सहाशे बारा खरं असेल तर साडेपाचशेचा दोर घेऊन उपयोग काय? शिवाय होडी वाऱ्यानं सरकली की दोर तिरका जातो, जास्त लागतो. दोर ज्यावर गुंडाळतात त्या ड्रमवरचे शेवटचे काही वेढे तर कधीच सोडायचे नसतात, नाहीतर सगळा भार बांधलेल्या टोकावर येऊन दोर निसटतो. मी म्हणालो, सातशे घ्या, आणि एकसंध. मध्ये सांधा असला की तो कप्पीत अडकतो.

"तुम्हाला जास्त दोर विकायचाय."

माझं डोकं फिरलं. "विकायचाच असता तर हजार मीटर सांगितला असता."

"हजारला भाव काय?" त्या शांतपणे म्हणाल्या, आणि पर्स उचलून निघाल्या.

पुढच्या आठवड्यात फोन आला तो पुण्याच्या गृहस्थांचा. खर्च बाईंचं ऑफिस करत होतं, आणि त्याच्या नियमानं दोर ओढायचं विंच, कॅमेरा, दोर सगळं एकाच पुरवठादाराकडून घ्यायचं होतं, आणि ते काम माझ्या जुन्या कंपनीला मिळालं होतं. त्यांनी दोन तुकडे सांधून द्यायचं कबूल केलं होतं. बाईंनी ते खोडून सातशे एकसंध लिहिलं.

"एवढ्या लांबीचं एकसंध इथं दुसरं कोणी विणत... म्हणजे तुम्हीच," ते म्हणाले.

भाव त्यांनी लगेच मान्य केला. तेव्हाच मला शंका आली.

"फक्त एक करा. तो तुमचा पिवळा धागा घालू नका. माल आमच्या नावानं जातोय."

दोर विणणारे आपल्या खुणेचा एक रंगीत धागा दोराच्या पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत घालतात. माझा हळदीच्या रंगाचा आहे.

"ड्रमवर पाटी हवी तेवढी मोठी लावा," मी म्हणालो. "धागा राहणार."

"अहो, एका धाग्यासाठी ऑर्डर घालवता? तुमचा स्वभाव अजून तसाच आहे."

"तुमचाही. तेव्हाही काम माझं आणि खुर्ची तुमची."

त्यांनी फोन ठेवला. घरी, सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये, बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं. मोठं यंत्र कित्येक आठवडे रिकामं होतं, ते तिला माहीत होतं. "अहो, हो म्हणून टाका. आतला धागा कोण बघतंय?"

"कोणी बघत नाही तर त्यांना का नकोय?"

मुलगी मोबाईलमधून मान वर न काढता इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, जस्ट कॉल हिम लाह."

मी फोन केला नाही. जेवण गेलं नाही, झोपही नीट लागली नाही, पण फोन केला नाही. ऑर्डर गेली तर त्या तळ्यात दुसऱ्या कुणाचा तरी सांधलेला दोर जाईल, एवढंच डोक्यात होतं. शेवटी त्यांचाच फोन आला.

"बाहेरून दिसणार नाही ना?"

"टोक उसवल्याशिवाय नाही."

"ठीक आहे मग."

"आता भाव थोडा वाढलाय," मी म्हणालो. त्यांनी नवा आकडा विचारून लिहून घेतला, म्हणजे कबूल.

दोर विणला जात होता तेव्हा मी यंत्राजवळून हललो नाही. तपासणीला बाई आल्या, बरोबर ते गृहस्थही. बाईंनी टोक बोटांनी उसवून पाहिलं आणि विचारलं, "हा पिवळा कशासाठी?"

गृहस्थ छताच्या पंख्याकडे बघू लागले.

"तो मी," मी म्हणालो.

उन्हाळ्यात त्यांनी मला फिल्म पाठवली. दोन्ही बाजूंना सरळ पाण्यात उतरलेले डोंगर, होडीत गावची माणसं, मध्ये माझा ड्रम. वारा होता, होडी सरकली, दोर तिरका गेला. ड्रमवर उरलेले वेढे मी पडद्यावर बोट ठेवून बघितले. साडेपाचशे मीटर पुरला नसता. मग तळ आला. राखाडी, मऊ, त्यावर आडवा पडलेला एक ओंडका. होडीतली माणसं कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकली. इकडे घरी मोबाईल बाजूला ठेवून माझी मुलगीही.

अहवालात दोर पुरवणारे म्हणून त्या कंपनीचंच नाव छापलंय. ते पान मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चिडलो. पण त्यानंतर बाईंकडून एक छोटं पाकीट आलं. त्यांनी दोराचं खालचं टोक हातभर कापून पाठवलं होतं. त्यावर तळाचा चिखल वाळलेला आहे आणि कापलेल्या तोंडातून पिवळा धागा बाहेर आला आहे. तो तुकडा मी शेडमध्ये माझ्या टेबलामागे लावलाय. नवं गिऱ्हाईक त्याच्याकडे बघून विचारतं, हे काय. मी आधी तळं सांगतो, मग भाव सांगतो.