मुकादमाच्या नावाची फाईल

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात मोठ्यानं हसणारा मीच. त्यामुळं हे वाचून तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही...

साल १९८९. गुलबर्ग्यातली एक डाळ मिल, आवाराला लागून एक खोली, खोलीत कॉम्प्युटर, आणि त्याच्यापुढं मन्नाएखेळ्ळीहून आलेला मी — स्वतःला फार हुशार समजणारा. कामगारांची यादी कॉम्प्युटरवर चढवायचं काम होतं. माझे वरिष्ठ शरणप्पा अण्णा. फाईलच्या नावाला तेव्हा आठच अक्षरं मिळायची. त्यात विभाग, काम आणि नंबर आलाच पाहिजे हा त्यांचा नियम. "अन् माणसाचं नाव फाईलीला द्यायचं न्हाई," हे रोज बजावायचे.

मला कशाला पटतंय! चिंताकीचा मुकादम मारुती मला चारचौघांत चिडवायचा, "काय टायपिस्ट, बोटं दुखायलीत का?" मी डूख धरला. काम सोडून गेलेल्यांच्या नोंदी छाटणारा प्रोग्राम लिहिला आणि फाईलीला मारुतीचंच नाव दिलं.

भर दुपारी ते नाव टाईप करून एंटर दाबलं. पडद्यावर आलं — तीन नोंदी छाटल्या. आणि आवारातून किंकाळी...

यंत्राच्या पट्ट्यानं मारुतीचा हात आत ओढला होता. तीन बोटं तुटून डाळीत पडलेली, पिवळी डाळ लाल. चिडलेल्या हमालांनी यंत्र चालवणाऱ्याला डोकं फुटेस्तोवर बडवलं. आणि मी शूरवीर दाराआड!

दवाखान्यात मारुती कण्हत म्हणाला, "हाक कामून मारलाव, साहेब? वळून बघायलो अन् हात गेला."

मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

परत येऊन अण्णांना सगळं सांगितलं. ते ओरडले, "आधी त्या फाईलीचं नाव बदल!"

"अण्णा... बदलायचं तर जुनं नाव परत टाईप करावं लागतंय."

तिकडं मारुती टेबलावर, डॉक्टरच्या सुरीखाली.

शेवटी सगळ्या फाईली एकदम पुसणारी आज्ञा दिली. पाच महिन्यांचं काम गेलं, दुसऱ्या दिवशी नोकरीही. पूर्ण नाव न लिहिता तेवढी एकच फाईल उडवायची सोय होती, हे मला बसस्टँडवर आठवलं — असला मी हुशार!

मारुती वाचला. ती हाक कुणाची, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. फक्त एक सांगतो... वर 'मारुती' लिहिलंय ते त्याचं खरं नाव नाही. खरं नाव मी त्या दुपारनंतर कुठंच टाईप केलेलं नाही.