हजारावर न थांबलेलं यंत्र

‘मुद्रकाच्या नोंदीत चूक असण्याची शक्यता आहे.’

हे वाक्य मी लिहिलं. कुणी सांगितलं म्हणून नाही, कुणी हात धरला म्हणून नाही. मीच, माझ्या पेनने, दुपारी सव्वातीनला, चहा यायच्या आधी. मूळ वाक्य इंग्रजीत होतं, पण टोचतं ते मराठीत. ज्यांच्याबद्दल लिहिलं ते गृहस्थ जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्या नोंदीत चूक नव्हती, आणि ते मला माहीत होतं.

चेन्नईत टी. नगरच्या साड्यांच्या दुकानांमागे एका बोळात त्यांचा छापखाना होता. सगळा बोळ त्यांना ‘राव सार्’ म्हणायचा. घराणं तंजावरचं. तिथे काही शतकांपूर्वी गेलेली मराठी त्यांच्या घरात मुरली होती. वाक्य मराठीत सुरू व्हायचं, तमिळ हेल घेऊन वळायचं आणि ‘की’वर येऊन थांबायचं. मी पुण्याकडचा, चेन्नईजवळच्या आवडी या गावी केंद्र सरकारी नोकरीत, हिशेब खात्यात. मला ते ‘तंबी’ म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ.

पहिल्यांदा गेलो तो मुलाच्या मुंजीची पत्रिका छापायला.

“किती?”

“शंभरेक.”

“शंभर की शंभरेक? त्या ‘एक’चा कागद कोण आणणार?”

पत्रिका घ्यायला गेलो तेव्हा शंभरांच्या गठ्ठ्याबरोबर शाई फिसकटलेल्या चार वेगळ्या बांधून दिल्या. मी म्हटलं, “या कशाला?”

“खराब माझ्या हातानं झाल्या. कागद तुमचा आहे की.”

छपाई झाली की ते गठ्ठा कानाजवळ नेत, अंगठ्याने त्याची कड फर्रकन सोडत आणि आकडा सांगत. मग यंत्रावरच्या मोजणीकडे पाहत आणि मान हलवत, जणू यंत्राने त्यांचं ऐकलं होतं. निवडणुकीत त्यांच्याकडे सगळ्या पक्षांची पत्रकं छापली जात. आपल्या उमेदवाराचा चेहरा विरोधकाच्या गठ्ठ्याखाली दबलाय म्हणून एखादा कार्यकर्ता चिडला, की ते शांतपणे म्हणत, “अय्या, मशीनला पार्टी नाही.” ‘अय्या’ म्हणजे तमिळमधलं ‘साहेब’.

तुम्ही कधी निवडणुकीतलं पत्रक उलटून तळाशी पाहिलं आहे? तिथे बारीक अक्षरात मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव असतं. ते कायद्याने लागतं. शिवाय किती प्रती छापल्या, किती पैसे घेतले, हे मुद्रकाने पत्रकाच्या नमुन्यासकट निवडणूक कार्यालयाला कळवायचं असतं. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, म्हणून ही मोजणी. कायदा चांगला आहे. वाचला की कौतुकच वाटतं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात विधानसभेची निवडणूक लागली आणि माझी नेमणूक एका मतदारसंघाच्या खर्च तपासणीवर झाली. मला एक टेबल, एक गळकं पेन आणि मुद्रकांची पाकिटं मिळाली. पहिलं उघडलं, एक हजार प्रती. दुसरं उघडलं, एक हजार. विसावं उघडलं, तरी एक हजारच. रस्त्यावर पत्रकांचा पाचोळा उडत होता, रिक्षांच्या चाकांना चिकटत होता, आणि माझ्या टेबलावर शहरातली झाडून सगळी यंत्रं हजारावर येऊन थांबली होती.

मग राव सारांचं पाकीट आलं. स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. प्रती : एक्केचाळीस हजार पाचशे.

मी आधी हसलो. मग आकडा पुन्हा वाचला. दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत छापखाना गाठला.

“राव, हे खरं आहे?”

“खरं म्हणजे? कागद आला, छापलं. कागदाची पावती बघा.” त्यांनी खिळ्याला टोचलेली पावती काढून माझ्यासमोर धरली. त्यावरची रिमं मोजून घेतली तर आकडा बरोबर जुळत होता. पावतीची एक प्रत मी मागून घेतली.

“पण बाकीचे अस्के हजार लिहितात,” मी त्यांच्याच बोलीत म्हटलं. ‘अस्के’ म्हणजे सगळे; मला तेवढाच एक शब्द यायचा.

“मलाही पार्टीवाल्यांनी सांगितलं की. हजाराचं बिल उमेदवाराच्या नावानं कर, उरलेलं साडीच्या दुकानाच्या नावानं. सेलची पत्रकं म्हणून.”

“दुकानदार कशाला पैसे देईल?”

त्यांनी बोळाच्या तोंडाशी असलेल्या उंच दुकानाकडे हनुवटी केली. “तो वरचा मजला दिसतो? नकाशात नाही. नकाशात नसलेला मजला हिशेबात नसलेलं पत्रक छापतो. त्याला उद्या मजला पाडून घ्यायचा नाही, यांना आज पत्रक पाहिजे. दोघंही खूश. मध्ये खोटं बिल मी कसाला करू?”

मी इतकी वर्षं हिशेब तपासत होतो, पण निवडणुकीचा पैसा कुठून येतो हे इतक्या थोडक्यात मला कुणी समजावलं नव्हतं. आणि तो का थांबत नाही, हेही. देणाऱ्याचा मजला वाचतो, घेणाऱ्याची जागा वाचते, छापणाऱ्याला काम मिळतं. तक्रार करायला माणूस उरतच नाही.

“हे पाकीट कुणी वाचतं की?” त्यांनी विचारलं.

“मी वाचतो ना,” मी छाती फुगवून म्हटलं. “वर पाठवतो.”

ते जरा वेळ शाईचे हात पुसत राहिले. “पाठवा. पण तंबी, मला एकट्याला उभं करू नका.”

“नाही करणार,” मी म्हटलं.

मी टिपण लिहिलं. उमेदवाराला नोटीस गेली. दोन दिवसांत चार माणसं छापखान्यात येऊन बाकावर बसली. राव सारांनी त्यांना ताक दिलं. त्यांनी ते प्यायलं, बरं झालंय म्हणाले, आणि जाताना एवढंच बोलले, “राव सार्, लग्नाच्या पत्रिका दुसरीकडेही छापतात.” त्या आठवड्यात साडीच्या दुकानांची कामं गेली. मग लग्नाच्या पत्रिका गेल्या. मी डोकावलो तर ते यंत्रावर कापड टाकत होते. “उन्हाळा आहे की. त्यालाही सुट्टी.”

उमेदवाराचं उत्तर आलं. आम्ही हजारच छापली, मुद्रकाचं काहीतरी चुकलं असेल; बाकीची कुणा हितचिंतकाने छापली असतील तर आम्हाला माहिती नाही.

आमचे साहेब आवडीच्या आमच्याच कार्यालयातून नेमलेले होते. वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला समोर बसवलं.

“साठ पाकिटं हजार म्हणतात, एक एक्केचाळीस हजार म्हणतं. हे एक खरं धरलं तर साठ खोटी धरावी लागतील. सगळ्या उमेदवारांची. मतदान आठ दिवसांवर आहे. माणसं आहेत तुमच्याकडे? प्रती तुम्ही स्वतः मोजल्यात?”

“नाही,” मी म्हटलं. कागदाची पावती पाहिलीय, हे म्हणालो नाही.

साहेबांनी फाइल मिटली आणि सहज विचारलं, “तुमच्या बदलीचं काय झालं? आईची तब्येत कशी आहे?”

ती धमकी नव्हती. मी कित्येकदा स्वतःला सांगून पाहिलं की ती धमकी होती. तसं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण ती नुसती विचारपूस होती. पुण्याला आई अंथरुणावर होती आणि माझा अर्ज त्यांच्या सहीसाठी पडून होता. मी जागेवर आलो, पेन झटकलं आणि ते वाक्य लिहिलं. पावतीची प्रत फाइलला लावली नाही.

साठ खोट्या पाकिटांना काहीच झालं नाही. एका खऱ्या पाकिटाला ताकीद गेली : नोंदी करताना यापुढे दक्षता घ्यावी. खाली साहेबांची सही, मजकुरात माझं वाक्य. जुलैत माझी बदली झाली. निघताना बोळात गेलो नाही. सामान बांधायचं आहे, असं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “सामान कालच बांधून झालं.”

तीन वर्षांनी एका लग्नासाठी चेन्नईला आलो. पुन्हा निवडणुकीचे दिवस. लग्नघरात पाय ठरेना. जेवण अर्धवट टाकून बोळात गेलो. छापखान्याच्या जागी बांगड्यांचं दुकान. शेजारच्याने सांगितलं, यंत्र विकलं, राव सार् वेलचेरीला मुलीकडे असतात. वेलचेरीच्या लोकल गाडीत बसायला जागा होती, पण मी दारातच उभा राहिलो. दोनदा वाटलं, पुढच्या स्टेशनावर उतरून परत फिरावं.

दार मुलीने उघडलं. ते आतून काठी टेकत आले. चष्मा जाड झाला होता.

“तंबी! किती दिवस झाले! आई बऱ्या आहेत की?”

“गेल्या. बदलीनंतर सहा महिन्यांनी.”

“शेवटी जवळ होता ना? तेवढं पुरे.” मग मुलीकडे वळून तमिळमध्ये काहीतरी म्हणाले आणि तेच मला मराठीत सांगितलं. “तिला सांगितलं, हाच तो. आख्ख्या मद्रासेत माझं पाकीट वाचणारा एकच माणूस. वरच्यांनी त्याचं ऐकलं नाही, त्याला तो काय करणार?”

मुलीने हात जोडले. “अप्पा नेहमी सांगतात तुमच्याबद्दल,” ती अडखळत मराठीत म्हणाली आणि कॉफी आणायला गेली.

तीन वर्षं हा माणूस माझी बाजू मांडत होता. मला तिथून निघून जाता आलं असतं. कॉफी पिऊन, तब्येतीची चौकशी करून. ते सुखी राहिले असते, मीही चांगला माणूस म्हणून त्या घरात राहिलो असतो. खरं सांगतो, मी तेही मनात करून पाहिलं.

कॉफी आली. मी पेला खाली ठेवला, त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसलो.

“राव, वरच्यांनी काही केलं नाही. तुमची चूक असेल, असं मीच लिहिलं. कागदाची पावती पाहिलेली असून लिहिलं, ती दडवून ठेवली, आणि त्या बदल्यात पुण्याला गेलो. तुम्ही एकटं उभं करू नका म्हणाला होतात, मी केलं. मला माफ करा.”