किक न मारता

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी किक मारायला मनाई केली आणि त्याच महिन्यात माझ्या जुन्या मोटरसायकलचा सेल्फ-स्टार्टर बंद पडला. बटण दाबलं की नुसतं ‘टक’ व्हायचं. रोज सकाळी शेजाऱ्याकडे एक किक मागायची पाळी आली. शोरूममधल्या टायवाल्यानं संगणकात पाहून, स्टार्टरची मोटर गेली आणि ती आता मिळत नाही, असं शोकसभेच्या सुरात जाहीर केलं. बायको म्हणाली, “इकून टाका.”

शेवटी गाडी तुमसरच्या एका गॅरेजवाल्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं बटणाच्या इशाऱ्यावर मोटरला वीज पोचवणाऱ्या रिलेच्या दोन टोकांवर पेचकस आडवा टेकवला. ठिणगी उडाली आणि इंजिन सुरू झालं.

“काहून घाबरून राहिले काका? मोटर चांगली आहे. रिले गेला फक्त.”

“शोरूमचा कॉम्प्युटर तर...”

“कॉम्प्युटरनं कधी हात काळे केले काय?”

नवा रिले बसल्यावर मी बटण दाबलं. गाडी सुरू झाली. गुडघ्याला पत्ताही लागला नाही.